आधी अंगण, मग वर्ग : बेळगावसारख्या शहरात कलाशाळेची इमारत कशी आखावी

कलाशाळा काढणाऱ्या संस्थेची पंचमंडळी माझ्याकडे नकाशा करून घ्यायला येतात तेव्हा हातात सिटी सर्व्हेचा उतारा असतो आणि तोंडात एकच प्रश्न : "वीस गुंठे आहेत, किती वर्ग बसतील?" चित्रकला, गायन, तबला, कथक, नाट्य अशी यादी तयारच असते. यादीच्या तळाशी, जागा उरली तर, "समोर थोडं गार्डन".

मी ती यादी उलटी धरायला सांगतो. समोरची मोकळी जागा आधी आखा आणि वर्ग तिच्या कडेला उभे करा. वर्ग काय, भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरही चालतात. आपल्याकडे कित्येक वर्षं तसेच चालत आलेत. पण दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा कथक रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीसाठी कुणी आपल्या पोरांची नावं घालत नाही. शहापूर, अनगोळच्या जुन्या घरांना सोपा होता, म्हणजे पुढची छताची ओसरी. सोप्यावर कुणी पेटी धरली की अर्ध्या गल्लीला कळायचं. सोपे गेले, गाळे आले. कलाशाळेनं तो सोपा शहराला परत द्यावा, एवढ्या एका विचारावर पुढचा सगळा हिशेब बेतलेला आहे. बेळगाव डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण निपाणी, खानापूर, चिकोडीलाही थोड्या फरकानं लागू पडेल.

आराखड्याआधी दोन सहली

समितीतल्या चार-पाच जणांनी दोन ठिकाणी जाऊन यावं. फोटो बघून भागत नाही.

पहिलं पणजीचं कला अकादमी. चार्ल्स कोरियांची ही वास्तू. रस्त्यावरून आत शिरावं आणि चालत चालत मांडवीच्या काठाला निघावं, असा तळमजला. तिकीट न काढता, काही न विचारता माणूस आत येतो, वाटेत त्याला तालमीचा आवाज ऐकू येतो. तिथे तासभर नुसतं बसा आणि किती जण "कामाशिवाय" आले ते मोजा.

दुसरं कोल्हापूरचं खासबाग मैदान. ते कुस्तीचं आहे, आपल्याला काय करायचंय, असं म्हणू नका. मधला हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे मागच्या माणसालाही पाय दिसतात. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्या काळातलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. नाट्यवर्ग असलेली इमारत बांधणाऱ्यानं ती रात्र डोक्यात ठेवावी. आगीबद्दल पुढे लिहिलंय.

जागा वाचायची ती पावसात

जागा मार्चमध्ये बघून आराखडा जूनमध्ये पक्का करू नका. जमलं तर एक जुलै तिथे छत्री घेऊन उभे राहा. शहरात वर्षाला साधारण सव्वा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेला खानापूरच्या जंगलाकडे सरकावं तसा तो वाढत जातो. तो सरळ पडत नाही. पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून तिरका येतो, आणि झड लागली की सहा-सात फूट आत मारतो. तीन फुटांचा छज्जा बेळगावच्या पावसाला चिडवण्यापुरता.

मग माती. पश्चिमेकडे तांबडी, खाली जांभा. पूर्वेला बैलहोंगल, अथणीकडे काळी. शहराच्या कडेच्या भातशेतीच्या पट्ट्यात, विशेषतः वडगाव-येळ्ळूरच्या अंगाला, प्लॉट घेतला असेल तर पायाआधी मातीची तपासणी करून घ्याच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर नेहमीचा उथळ पाया घातला की तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. अशा ठिकाणी खाली फुगा असलेले पाइल आणि वर प्लिंथ बीम (जोत्याची तुळई), किंवा काळा थर पूर्ण काढून मुरुमाची भर, यातलं काय ते अभियंत्याला ठरवू द्या. बळ्ळारी नाल्याच्या बाजूची जागा असेल तर शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, पाणी कुठवर येतं. तो बोटानं बांध दाखवेल. त्याच्या बोटावर विश्वास ठेवा आणि प्लिंथ त्याहून दोन फूट वर घ्या.

पाण्याचीही सोय आत्ताच पाहायची. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा टिळकवाडीत त्यासाठी विहीर खोदली गेली. काँग्रेस रोडवर ती अजून आहे. लहानग्या गंगूबाई हनगल त्या अधिवेशनात स्वागतगीत गायल्या हे आपल्याला आठवतं, विहीर आठवत नाही. पण माणसं जमवायची तर पाणी लागतंच. वीस गुंठ्यांवर ८,७०० चौरस फुटांचं छप्पर धरलं तर त्यावर, वाया जाणारा पाचवा हिस्सा सोडून, वर्षाला सुमारे आठ लाख लिटर पाणी पडतं. अंगणाखाली टाकी करायची असेल तर ती पहिल्या खोदाईतच व्हायला हवी. फरशी बसल्यावर कुणी खोदत नाही.

घड्याळ मांडा

कागदावर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंतचे तास लिहा आणि प्रत्येक तासासमोर अंगणात कोण असेल ते लिहा. सकाळी फिरायला आलेले निवृत्त लोक. दहा ते चार जवळपास कुणी नाही, कारण मुलं शाळेत. चारनंतर एकदम गर्दी, आणि मुलांना सोडायला आलेल्या आया, आज्या, आजोबा तासभर बसणार. तासभर बसणारी ही माणसं आराखड्यात हमखास विसरली जातात. त्यांना बसायला सावली, पाठ टेकायला भिंत आणि वर्गाच्या खिडकीतून दिसणारा नातू हवा असतो. संध्याकाळी कार्यक्रम, तालमी.

दहा ते चारची रिकामी वेळ हीच खरी अडचण. रिकामी जागा आधी दुचाकींनी भरते, मग कचऱ्यानं. म्हणून दिवसा उघडं राहणारं काहीतरी रस्त्याच्या तोंडावर ठेवा : वाचनकक्ष, चहाचा गाळा, वह्या-रंग-ब्रश विकणारं दुकान. चहावाला हा सगळ्यात स्वस्त राखणदार.

फक्की मारून बघा

ही पायरी फुकट आहे आणि तीच सगळे गाळतात. क्रिकेटच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की, दोन गोण्या, सुतळी आणि एक रविवार. अंगण, सोपा, रंगमंचाचा चौथरा जागेवरच प्रत्यक्ष मापात आखायचं आणि माणसांना त्यात बसवायचं.

एका ठिकाणी आम्ही असंच केलं. मी चौथरा रस्त्याकडे पाठ करून आखला होता. कागदावर छान दिसत होतं. शेजारच्या घरातल्या एक आजी बाहेर आल्या, काय चाललंय विचारलं आणि सरळ रेषा ओलांडून प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात जाऊन दगडावर बसल्या. म्हणाल्या, "मी हितंच बसणार. हितनं बस आलेली कळतीय, आणि ऊनबी लागत न्हाई." आमचा मिस्त्री हसला. मी नकाशा काढून बघितला तर तिथे सेप्टिक टँक होता. टँक हलवला, तिथे कट्टा केला, वर बकुळ लावली. आज त्या अंगणातली सगळ्यात वापरातली जागा तीच आहे.

अंगण केवढं?

लोकांना वाटतं जेवढं मोठं तेवढं चांगलं. तसं नाही. माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव साधारण वीस मीटरपर्यंत, म्हणजे ६५ फुटांपर्यंत नीट कळतो. त्यापुढे फक्त हातवारे दिसतात. अभिनय, नृत्य आणि गाण्याच्या बैठकीसाठी अंगण बांधायचं तर ६० बाय ६० फूट पुष्कळ झालं. ३,६०० चौरस फूट. जाजमावर बसलेल्या माणसाला ५ ते ६ चौरस फूट लागतात, खुर्चीवरच्याला ८. चौथरा आणि जायच्या वाटा वजा केल्या तरी साडेचारशे माणूस खाली बसतो. दर मंगळवारच्या तबल्याच्या वर्गाला चाळीस माणसं आली तरी ते ओसाड वाटत नाही. हे दुसरं अधिक महत्त्वाचं, कारण वर्षातले साडेतीनशे दिवस तसलेच असतात.

कडेच्या इमारतीची उंची अंगणाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. साठ फुटांच्या अंगणाला दोन मजले शोभतात. चार मजले केलेत तर ती विहीर होते, आणि विहिरीत टाळीही घुमते.

चौथरा दक्षिण किंवा उत्तर बाजूला घ्या. पश्चिमेला घेतला तर संध्याकाळी सहाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या डोळ्यांत मावळतं ऊन. पूर्वेला घेतला तर तेच ऊन नाचणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत. उंची दीड ते दोन फूट. चार फुटांचा चौथरा सभेला ठीक, तिथे पुढाऱ्याचे पाय दिसायची कुणाला गरज नसते. कथकमध्ये पायच बघायचे असतात.

तीन बाजूंना कट्ट्यासारख्या पायऱ्या : उंची पंधरा-सोळा इंच, रुंदी अडीच फूट, म्हणजे पुढच्याच्या पाठीत गुडघा लागत नाही. चढायला मध्ये अर्ध्या उंचीच्या पायऱ्यांच्या वाटा हव्यातच, नाहीतर साडी नेसलेल्या बाईची फजिती होते. खाली, पुढच्या रांगेला, चाकाच्या खुर्चीसाठी दोन-तीन जागा सपाट सोडा.

झाड अंगणाच्या मध्यभागी लावायचा मोह सगळ्यांना होतो. मला तो पटत नाही. मधलं झाड पाच वर्षं पोरकं दिसतं आणि दहा वर्षांनी चौथऱ्याच्या आड येतं. नैर्ऋत्य कोपऱ्यात लावा, दुपारची सावली तिथूनच पडते. बकुळ, कदंब, सोनचाफा. वड-पिंपळ हवाच असेल तर पायापासून तीस-चाळीस फूट लांब.

सोपा हीच खरी इमारत

अंगणाभोवती दहा ते बारा फूट रुंद छताचा सोपा फिरवा. दहा फुटांच्या खाली जाऊ नका. वर पावसाच्या झडीचं सांगितलं त्यातून हा आकडा आला. पावसाचे चार महिने अंगण बंद असतं, तेव्हा सोपाच अंगण होतो. मुलं तिथे चित्रं काढतात, चपला तिथे सुटतात, प्रदर्शन तिथे लागतं. भिंतीवर सात फुटांवर लाकडी पट्टी ठोकून ठेवा, चित्रं टांगायला. खिळे मारून भिंत चाळणी होण्यापेक्षा बरं.

पश्चिमेच्या अंगाला मात्र सोपा नको, वर्गही नकोत. तिथे जिना, कोठीघर, स्वच्छतागृहं घाला. पावसाचा मारा आणि एप्रिलचं दुपारचं ऊन दोन्ही त्यांनीच सोसावं.

पैसे एकदम जमत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पहिल्या टप्प्यात अंगण, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि सोप्याची एक लांब बाजू, एवढंच बांधा आणि वर्ग सोप्यावर सुरू करा. उलट केलंत, म्हणजे वर्ग आधी आणि अंगण "पुढच्या वर्षी", तर ते पुढचं वर्ष येत नाही. तोवर तिथे वाळू-खडी आणि कुणाची तरी जुनी मेटॅडोर उभी असते.

वर्ग, एकेक करून

चित्रकला. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी पिढ्या घडवल्या ते हे शहर. इथे चित्रकलेचा वर्ग ट्यूबलाइटखाली भरू नये. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, म्हणून मोठ्या खिडक्या उत्तरेला, हे पुस्तकात असतं. पण बेळगाव जवळजवळ १६ अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो उत्तरेकडे असतो. जून-जुलैत ढग सांभाळून घेतात. मेमध्ये, नेमकी सुट्टीची शिबिरं असतात तेव्हा, सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन उत्तरेच्या खिडकीतून थेट कागदावर पडतं. दुपारच्या उन्हाला फूटभर छज्जा पुरतो, सकाळ-संध्याकाळच्या उन्हाला छज्ज्याचा उपयोग नाही. त्याला खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीतून दीड-दोन फूट बाहेर आलेले उभे पडदे लागतात. काचेची खालची कड फरशीपासून तीन फूट वर, म्हणजे खाली टेबलं आणि मोरी बसते. मोरी मोठी घ्या, तळाशी गाळ साठायला कुंडी ठेवा. पोस्टर कलरनं पाइप तुंबलेली शाळा मी एकच नाही पाहिली.

गायन-वादन. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी मी संगीतवर्गावर पत्रा घातला. स्वस्त, हलका, लवकर होणारा. उद्घाटन फेब्रुवारीत झालं, सगळे खूश. जुलैत गुरुजींचा फोन आला, "साहेब, एकदा येऊन ऐका." गेलो. वर पाऊस कोसळत होता आणि गुरुजी तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसले होते. पुढ्यात सहा मुली तोंडं हलवत होत्या. सा लागला की नाही हे त्यांनाही कळत नव्हतं. आमच्याकडे चार महिने पाऊस असतो, म्हणजे वर्गाचा तिसरा हिस्सा मी पत्र्यात घालवला होता. संगीताच्या खोलीवर स्लॅबच घाला. कौलं हवी असतील तर स्लॅबवर किंवा खाली जाड छत देऊन.

खोलीतला घुमारा ही दुसरी गोष्ट. पाच बाय चार मीटर, सव्वातीन मीटर उंच अशी नुसत्या प्लास्टरची रिकामी खोली घ्या. टाळी वाजवली की आवाज विरायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. तबल्याचा प्रत्येक बोल पुढच्यात मिसळतो. तो घुमारा अर्ध्या सेकंदावर आणायचा. त्यासाठी जाड सतरंजी, एका भिंतीवर सुरकुत्यांचा जाड पडदा, एका भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट, आणि वरच्या छताला लाकडी भुश्याचे-तंतूंचे शोषक तक्ते लावले की काम होतं. समोरासमोरच्या भिंती थोड्या तिरक्या केल्या तर आवाज त्यांच्यात चेंडूसारखा टप्पे खात नाही. शेजारच्या खोलीचा आवाज अडवायला मात्र पडदे निकामी. तिथे वजन लागतं : नऊ इंची भिंत, भरीव लाकडी दार, दाराच्या चारही कडांना रबर. दाराखालची अर्ध्या इंचाची फट सगळी भिंत वाया घालवते. तबला आणि गायन यांच्या मध्ये कोठीघर टाकलं तर खर्चच वाचतो.

नृत्य. काँक्रीटवर थेट फरशी घालून त्यावर कथकचे पाय आपटायला लावणं म्हणजे मुलींच्या गुडघ्यांशी वैर. खाली रबराच्या गाद्या, त्यावर लाकडी आडव्या पट्ट्या, त्यावर फळ्या. फरशीनं किंचित दबून वर यायला हवं. तळमजल्यावर घ्या, नाहीतर खालच्या वर्गाच्या डोक्यावर घुंगरू. पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून भिंतीजवळ बोटभर फट सोडा.

कार्यशाळा ही या शहराची खास गरज, आणि बाहेरून आणलेल्या आराखड्यात ती कधीच नसते. शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ, गणपतीच्या मूर्ती, नाटकांचे सेट हे सगळं इथली मुलं रस्त्यावर ताडपत्री बांधून करतात. कलाशिक्षण ते आणखी काय असतं? रस्त्याकडे उघडणारी, बारा फूट रुंद आणि चौदा फूट उंच दाराची एक मोठी खोली ठेवा. दारासमोर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, तारा किती उंचीवर आहेत ते आधी मोजा. रथ आत तयार होतो आणि बाहेर पडताना अडकतो. शाडू आणि प्लास्टरच्या पाण्यासाठी वेगळी गाळकुंडी करा, ते पाणी गटारीत सोडू नका.

मातीकाम आणि विणकाम. खानापूरची माती आणि कुंभारकाम जवळच आहे. तिथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय प्रशिक्षण संस्थाही आहे. विद्युत भट्टी ठेवणार असाल तर तिचा भार वायरिंगच्या वेळीच सांगा, नंतर तारा बदलणं महाग पडतं. लाकडाची भट्टी अंगणाच्या पूर्व कडेला, म्हणजे पावसाळी वाऱ्यानं धूर बाहेर जाईल. शहापूर-वडगावच्या विणकरांकडून माग आणून शिकवायचं असेल तर खड्डा माग तळमजल्यावर नको असं मी सांगेन. भूजल वर आलं की खड्ड्यात पाणी चढतं आणि विणकराचे पाय ओले. उभ्या चौकटीचा माग घ्या, उंची बारा फूट तरी ठेवा.

कुंपण, कुलूप आणि दुचाकी

सार्वजनिक जागा म्हटल्यावर समितीत पहिला आवाज उठतो, "सुरक्षेचं काय?" प्रश्न खरा आहे. उत्तर सहा फुटी भिंत नाही. भिंतीआड काय चाललंय ते रस्त्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही तिथेच बाटल्या सापडतात. रस्त्याच्या कडेला दीड फुटी कट्टा ठेवा, लोक त्यावर बसतील. कुलपाची रेषा आत घ्या : अंगण उघडं, इमारत बंद. सोप्याला रात्री ओढायचं जाळीचं दार. उजेड उंच खांबावरचा एक झगझगीत नको, सोप्याच्या छतातून येणारे पिवळे दहा बरे, चेहरे दिसतात.

स्वच्छतागृह दोन्ही बाजूंनी दार असलेलं हवं. एक दार आत वर्गाकडे, एक अंगणाकडे. संध्याकाळी वर्ग बंद झाले की आतलं दार लावायचं, बाहेरचं चालू. हे नसेल तर बायका अंगणात अर्ध्या तासाच्या वर थांबणार नाहीत, आणि मग अंगण फक्त पुरुषांचं होतं.

आता दुचाकी. एका कामात मी नियमानं रॅम्प केला, १ ला १२ चा उतार, दीड फुटांच्या प्लिंथला अठरा फूट लांब. सुंदर झाला. पंधरा दिवसांत त्यावरून स्कूटर चढून थेट सोप्यावर लागायला लागल्या. खांब रोवले, तर स्कूटर त्यातून सुटून गेली आणि चाकाची खुर्ची अडली. शेवटी रॅम्पच्या तोंडाशी काटकोनी वळण दिलं. खुर्ची पाच फुटांच्या चौकात वळते. स्कूटरवाल्याला उतरून मागे-पुढे करावं लागतं, मग तो नाद सोडतो. पण खरा इलाज म्हणजे दुचाकींना त्यांची जागा देणं. प्रत्येकीला तीन बाय सात फूट, रस्त्यालगत, अंगणाच्या आधी, पत्र्याखाली. पत्रा इथे चालतो.

अंगणात तीन फेजची जोडणी एका कुलूपबंद पेटीत काढून ठेवा. नाहीतर मंडळाची पोरं उत्सवात खांबावर आकडा टाकतात. आणि शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, म्हणून कार्यक्रम साडेनऊला आटोपतील असं फलकावरच लिहा. ढोल-ताशाचा सराव या अंगणात नको, मैदानावर न्या.

परवानग्या, आग, पाटी

जागा महापालिकेत, बुडाच्या (नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत की कॅन्टोन्मेंटमध्ये, यावर दार कुठलं ठोठावायचं ते ठरतं. बिगरशेती झालेली आहे का, शहराच्या विकास आराखड्यात तो पट्टा कशासाठी राखीव आहे, हे वकिलाकडून पाहून घ्या. सेटबॅकच्या, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या, पट्ट्या वाया गेल्या म्हणून रडू नका; अग्निशमनाच्या गाडीची वाट आणि झाडांची रांग त्यातच बसते. फक्त तिथे जनरेटर आणि भंगार ठेवू नका.

आगीबद्दल थोडक्यात, पण सक्तीनं. नाट्यवर्ग आणि सभागृह असेल तर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे सभागृहाची दारं दोन मीटर रुंद, बाहेर उघडणारी, आणि किमान दोन बाहेर पडण्याच्या वाटा एकमेकींपासून लांब. पडदे, सेटचं लाकूड आणि रंगाचे डबे रंगमंचाखाली साठवू नका. वेगळी खोली, आगरोधक दार. आपलं अंगण इथेही कामाला येतं : सगळी दारं अंगणात उघडली की साडेचारशे माणूस काही मिनिटांत मोकळ्या आभाळाखाली येतो.

पाटीचा विषय आपल्याकडे नाजूक. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात नामफलकाचा ६० टक्के भाग कन्नड, तोही वरच्या बाजूला, असणं बंधनकारक आहे. दर्शनी भिंत आखतानाच दोन्ही लिप्या नीट बसतील एवढी जागा ठेवा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फ्लेक्स चिकटवण्याची वेळ येऊ देऊ नका. आत मात्र अक्षरांपेक्षा खुणा : तबल्याच्या वर्गावर तबला कोरलेला दगड. अंगण कुणाचं, मराठीचं की कन्नडचं, या वादाला मी एकच उत्तर देतो. गोकाकच्या बाजूला कौजलगी निंगम्मांनी गाजवलेलं कृष्णपारिजात हे कन्नड लोकनाट्य आणि आपलं कीर्तन, दोन्हींना लागतं ते सपाट अंगण आणि खाली बसलेला माणूस. दोन्ही करा. गर्दी तीच असते.

साहित्य

लाल चिरा जवळचा, देखणा आणि गार. पण तो पाणी पितो. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर करा किंवा छप्पर पुढे काढा, बाकी तीन बाजूंना उघडा राहू द्या. अंगणाच्या फरशीला चिरा चालत नाही, दुसऱ्या पावसात शेवाळ धरतो आणि माणूस घसरतो. तिथे छिन्नीनं टाकी मारलेला खडबडीत काळा दगड, दोन दगडांत बोटभर फट, फटीत वाळू, शंभराला एक असा उतार कडेच्या नालीकडे. पॉलिश केलेला ग्रॅनाइट कुणी देणगीत दिला तर कार्यालयात लावा.

पहिला पाऊस

ठेकेदाराचं शेवटचं बिल पहिल्या पावसाआधी चुकतं करू नका, करारातच तसं लिहून घ्या. झड लागली की समितीतले दोघं, मिस्त्री आणि खडूची पेटी घेऊन फिरायचं. सोप्यावर पाणी कुठवर आलं तिथे खडूची रेघ. अंगणात डबकं कुठे साठलं तिथे गोल. तबल्याच्या खोलीत एकानं ठेका धरायचा, दुसऱ्यानं शेजारच्या खोलीत उभं राहायचं. ऐकू आलं तर दाराखाली बोट घालून फट बघायची. नालीवरच्या जाळ्या उचलून आत हात घालायचा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि सिमेंटची पोती तिथेच सापडतात. सगळं लिहून मिस्त्रीच्या हातात द्यायचं, खाली तारीख घालायची, आणि मग चहाच्या गाळ्यापाशी जाऊन बघायचं, रेघेच्या कोरड्या बाजूला कोण कोण येऊन उभं राहिलंय.